भाजलेल्या धण्यांची कोथिंबीर

आमच्या बिल्डिंगीत कुणीही भाजी आणली की ती माझ्या बापाच्या नजरेखालून गेल्याशिवाय जिना चढत नसे. आम्ही तळमजल्याला, जिन्याला अगदी लागून. बाबा साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. संध्याकाळी घाटकोपरला घरी आले, हातपाय धुतले, की गंजीफ्रॉकवर दारात स्टूल टाकून बसायचे आणि जाणाऱ्यायेणाऱ्याच्या पिशवीत डोकावायचे.

"हा मुळा आहे का खडू? फळ्यावर लिहायला आणलात काय?"

पहिल्या मजल्यावरच्या आजी तर पिशवी पदराखाली लपवून वर जायच्या. तरी बाबा सोडायचे नाहीत. "आजी, वांगी बियांची निघणार बघा. आमच्या वावरातलं वांगं बघितलं असतंत तर हे हातात धरलं नसतंत."

आमचं वावर म्हणजे नगर जिल्ह्यातलं. तिथं विहीर, विहिरीला बारा महिने पाणी, बांधावर आंब्याचं झाड. हे सगळं मला पाठ होतं. सातवीत 'माझे गाव' या निबंधात मी त्या विहिरीवर सुगरणीची घरटीसुद्धा टांगली होती आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता. गाव मी कधी बघितलं नव्हतं. बाबांना रजा मिळत नसे. दरवर्षी मे महिना आला की वर्कशॉपचं काम नेमकं वाढायचं, आणि मला ते खरंच वाटायचं. बिल्डिंगीत सगळे त्यांना 'शेतकरीसाहेब' म्हणायचे. निम्मे गमतीनं, पण निम्मे खरंच मानून.

आमच्या खिडकीसमोर, कंपाउंडच्या भिंतीला धरून, मातीची एक पट्टी होती. लांबीला दहा-बारा हात, रुंदीला चार. वर्षातून एकदा तिथं होळी पेटायची. बाकीचे दिवस लोक वरून केस, अंड्याची टरफलं आणि कधीकधी पोरांची नापासाची प्रगतिपुस्तकं टाकायचे.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी बिल्डिंगीत दोन स्कूटरी आल्या. त्यातली एक सेक्रेटरींची. सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर राहायचे आणि रोज सकाळी खाली येऊन पिवळ्या फडक्यानं स्कूटर अशी पुसायचे की बायकोनं बघितलं तर तिला राग यावा. धुळवडीच्या संध्याकाळी, अजून सगळ्यांच्या कानामागं रंग होता, तेव्हा त्यांनी गेटपाशी मिटिंग घेतली. म्हणाले, होळीच्या त्या जागेवर कोबा घालू, स्कूटरी लागतील, कचरापण जाईल. सगळ्यांनी माना हलवल्या. स्कूटर नसलेल्यांनीसुद्धा.

"चांगली माती आहे ती," बाबा स्टुलावरून म्हणाले. "मातीत काही लावायचं सोडून सिमेंट ओतता?"

"मग इतकी वर्षं तुम्ही काय लावलंत?" सेक्रेटरी म्हणाले.

"सवड नव्हती."

"आता काढा सवड. पाडव्याला पंधरा दिवस आहेत. पाडव्याला तिथं हिरवं दिसलं तर जागा तुमची, भाजी लावा, केळी लावा. नाही दिसलं तर दुसऱ्या दिवशी कोबा. मंजूर?"

"होऊन जाऊ दे, शेतकरीसाहेब!" मागून कुणीतरी ओरडलं.

मंजूर, म्हणाले बाबा. म्हणणारच. इतक्या लोकांसमोर दुसरं काय म्हणणार?

घरात आल्यावर मी विचारलं, "बाबा, पंधरा दिवसांत उगवतं काय?"

"कोथिंबीर."

"मुळा लावा ना. आमच्या बॉटनीच्या बाई म्हणतात मुळा लवकर उगवतो."

"तुझ्या बाईंनी वावर बघितलंय का कधी?"

"मी तरी कुठं बघितलंय? तुम्ही दाखवलंत कधी?"

ते पहार शोधायला गेले.

आई तेव्हा घरी नव्हती. मुलुंडच्या मावशीचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून ती आठवडाभर तिकडं होती. असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पहारीनं बाबांनी ती पट्टी उकरली. मातीतून बाटल्यांच्या काचा, एक सायकलची चेन, डाव्या पायाच्या तीन चपला आणि कुणाची तरी चांगली स्टीलची वाटी निघाली. तीन घरांतल्या बायका ती वाटी आपलीच म्हणून भांडल्या. होळीची राख बाबांनी मातीत मिसळली. 'राख म्हणजे सोनं' वगैरे दोन-चार वाक्यं वर गॅलरीत उभ्या असलेल्यांना ऐकू जातील अशी टाकली.

मग ते स्वयंपाकघरात गेले, मांडणीवरून धण्यांचा डबा काढला आणि दोन मोठ्या ओंजळी पाटावर ओतल्या. "धणे असेच पेरायचे नसतात," मला म्हणाले. "चपलेनं रगडायचे. एकाचे दोन करायचे. हे पुस्तकात नसतं." आणि रबरी चप्पल घेऊन बाहेर, सगळ्यांसमोर, पाटावर धणे रगडायला बसले. काय वास सुटला म्हणता! झकास. वरून आजींनी विचारलं, "काय गं, आज मटण का?"

मलाही भूक लागली. पण डोक्यात काही प्रकाश पडला नाही. अठरा वर्षांची घोडी, डोळ्यांसमोर भाजलेल्या धण्यांची पेरणी चाललीय आणि मी नुसती वास घेत बसले.

त्यानंतर सुरू झालं पाणी. आमच्याकडं नळ सकाळी तासभर यायचा. त्या तासात प्यायचं, आंघोळीचं, धुण्याचं आणि आता कोथिंबिरीचं. बाबा कामावर जायच्या आधी दोन बादल्या ओतायचे, आल्यावर पिंपातल्या दोन. पाच दिवस मी केस धुतले नाहीत. कॉलेजात मैत्रिणी विचारायच्या, कुणी गेलं का गं घरातलं? पट्टीत मात्र चिखल सोडून काही नव्हतं. रोज कुणी ना कुणी कठड्यावरून वाकून "आली का?" म्हणून विचारायचं. पहिल्या दिवशी बाबांनी ठणकावून सांगितलं, "पेरणी आहे ती, पोस्टकार्ड नाही." पाचव्या दिवशी ते नुसतेच चिखलाकडं बघत उभे होते. त्या रात्री जेवलेही धड नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आली. पिशवी ठेवली, चहा टाकला, मांडणीवर हात फिरवला आणि ओरडली, "मसाल्याच्या धण्यांना कुणी हात लावला?"

"बाबांनी पेरले."

"कुठले?"

"त्याच डब्यातले."

आई माझ्याकडं बघतच राहिली. मग खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, चहा उतू गेला. "अगं बाई गं! भाजलेत ते! मसाला कांडायला द्यायचा म्हणून शिमग्याच्या आधीच मी सगळे धणे खमंग भाजून ठेवले होते. ते उगवणारायत होय? आता काय मसाल्याचं झाड येणार का?"

मीपण हसले. आणि मग आई एकदम थांबली. "त्यांना कळता कामा नये," म्हणाली.

"का? सांगू या की. वेडेपणा त्यांनी केलाय."

"नाही म्हटलं ना एकदा."

त्याच दिवशी दुपारी माहुलची मासळीवाली मावशी आली. आठवड्यातून तीनदा ती पाटी घेऊन यायची, आमच्या दारात बसायची आणि पाणी पिऊन सगळ्या बिल्डिंगीच्या खबरी घेऊन जायची. आईनं तिला खालच्या आवाजात सगळं सांगितलं. मावशी काही हसली नाही. बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाली, "धन्यांचा नाद सोर. मेथी टाक गो. रेतीन टाक, दाट. आठ दिसान जुरी बांदशील."

किनाऱ्यावरच्या बायका ओल्या वाळूत मेथी पेरतात, म्हणाली. चिखल नको, खोल खणायला नको. बोटभर वाढली की मुळासकट उपटायची. बाजारात ती इवल्याइवल्या जुड्यांची, पांढऱ्या देठांची मेथी मिळते ना, तीच ही.

शेजारी नवी इमारत बांधायला घेतली होती. तिथल्या ढिगातून आईनं आणि मी चार घमेली वाळू आणली. वॉचमननं हटकलं तेव्हा आई म्हणाली, भांडी घासायला. "चार घमेली? कुणाच्या लग्नातली भांडी घासताय?" त्यानं विचारलं. आई म्हणाली, हिच्या. मी अशी लाजले की त्याला पटलं.

बाबा कामावर होते आणि वर सगळे दुपारचे झोपले होते. चिखल थोडा वाळला होता, त्यावर आईनं हातानं वाळूचा थर दिला. वाण्याकडची मेथी आणली होती, ती तिनं मुठीत घेतली आणि उकिडवी बसून मागं सरकत सरकत फेकायला लागली. मी बघत राहिले. प्रत्येक फेकीला दाणे सारखे पडत होते, एका जागी गर्दी नाही, एक जागा मोकळी नाही. भाकरी थापावी इतक्या सवयीनं तिचा हात चालला होता.

"तुला येतं हे?"

"न यायला काय झालं? लग्नाआधी रोजानं जायचे मी."

"आणि लग्नानंतर? आपल्या वावरात?"

"कुठलं वावर?" आई म्हणाली. मान वर न करता.

मग तिनं सांगितलं. आम्हाला वावर नव्हतं. कधीच नव्हतं. बाबांचे वडील आणि आजोबा दुसऱ्याच्या रानात राबले. बाबा नऊ वर्षांचे असताना चुलत्याबरोबर मुंबईला आले, ते आलेच. त्यांनी शेतात कधी काही पेरलं नव्हतं. लग्नाच्या वेळी आईलाही त्यांनी विहिरीचं सांगितलं होतं. ती नवी नवरी म्हणून गावी गेली, तर घरामागं गावाचा उकिरडा.

माझं डोकं फिरलं. "म्हणजे माझा निबंध? मी तिथं सुगरणीची घरटी लावली होती! इतकी वर्षं मला खोटं सांगितलं आणि तू गप्प बसलीस?"

"काय बोलायचं?" आई म्हणाली. "दुसरे नवरे खोटं बोलून दारू पितात, बाया ठेवतात. हा माणूस खोटं बोलून विहीर बांधतो. म्हटलं, बांधू दे."

आईला हसू येत होतं. मला येत नव्हतं.

बाबांनी पट्टीकडं बघायचंच सोडलं होतं, पाणी आई आणि मीच शिंपडायचो. चौथ्या दिवशी मेथी उगवली. बाबा कामावरून आले आणि पिशवी खांद्याला असतानाच पट्टीपाशी बसले. हिरवे ठिपके. हजारो. त्यांनी बोट लावलं, पटकन मागं घेतलं, आणि मग अख्खी बिल्डिंग दणाणली. "आली! बघा! या खाली!" लहान पोरं धावली, बायका गॅलरीत आल्या, आजी पिशवी न लपवता खाली उतरल्या. वाळू कशी आली, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. मीच म्हटलं, मुंग्या येऊ नयेत म्हणून टाकली, तर म्हणाले, बरं केलंस. त्या क्षणी मी वाळूऐवजी साखर टाकली म्हटलं असतं तरी बरं केलंस म्हणाले असते.

"पान वेगळंच दिसतंय नाही?" एका बाईंनी विचारलं.

"कोथिंबिरीचं पान सुरुवातीला असंच असतं," बाबा म्हणाले. छाती पुढं काढून.

मला त्यांचा राग आला होता आणि राग आला की मी वाईट वागते. रोज संध्याकाळी ते पाणी घालायला लागले की मी खिडकीतून विचारायची, "बाबा, आपल्या विहिरीला किती परस खोल पाणी?" ते म्हणायचे, "सात." दुसऱ्या दिवशी, "बाबा, आंबा हापूस का गावठी?" ते म्हणायचे, "गावठी, पण साखरेसारखा." मी मुद्दाम खोदायची. ते मुद्दाम नाही, आनंदानं सांगायचे. बैलांची नावंसुद्धा सांगितली. आई आतून माझ्याकडं डोळे वटारायची. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पाडव्याच्या सकाळी काही खिडक्यांत गुढ्या उभ्या होत्या. सेक्रेटरी इस्त्रीचे कपडे घालून खाली आले, मागून दहाबारा माणसं. बाबांनी दाढी केली होती, धुवट सदरा घातला होता. पट्टी भरगच्च हिरवी होती, बोटभर उंच, भिंतीपासून खिडकीपर्यंत. खरंच देखणी दिसत होती. सेक्रेटरींनी बघितलं, मान हलवली, वाकून एक काडी उपटली आणि तोंडात टाकली.

"अहो, ही तर मेथी आहे!"

एक क्षण कुणाला काही कळलं नाही. मग आजूबाजूचे दोघेतिघे खुदकन हसले, आणि मग सगळेच. "शेतकरीसाहेब, तुमच्या वावरात कोथिंबिरीला मेथी लागते का?" सेक्रेटरी म्हणाले. लोक पोट धरून हसले. इतकी वर्षं ज्यांच्या पिशव्या तपासल्या गेल्या होत्या ते सगळे हसले.

बाबांनी पट्टीकडं बघितलं. मग आईकडं. आईनं मान खाली घातली. तेवढ्यानं त्यांना सगळं समजलं. त्यांचा चेहरा असा झाला की माझा आठवडाभराचा राग तिथल्या तिथं संपला, आणि मी बोंबलले, "मेथी मी टाकली! त्यांनी कोथिंबीरच पेरली होती. मी वरून मेथी टाकली, गंमत म्हणून!"

"गप गं," बाबा म्हणाले. ओरडले नाहीत. "पोरगी माझ्यासाठी खोटं बोलतेय. या घरात खोटं बोलायचं काम माझं आहे."

हसणं थांबलं.

"आम्हाला वावर नाही," ते म्हणाले. "विहीर होती, ती मालकाची. माझा बाप तिच्यावर मोट हाकायचा, पण तिला हात लावायची आम्हाला मुभा नव्हती. प्यायला पाणी लागलं तर कुणीतरी वरून ओंजळीत ओतायचं. भाजीपण तशीच. पिवळी पडली, टाकायला झाली, की आमच्या घरात यायची. ताजी मी बघितली ती इथं, बाजारात, जुडी बांधलेली. जमिनीतली मेथी मला कशी ओळखू येणार? कोथिंबीरपण आली नसती." मग जरा थांबून, "एवढी माती रिकामी दिसली. वाटलं, एकदा आपण लावून बघावं. बाकी काय नाही. घाला तुम्ही कोबा."

सगळे आपापल्या पायांकडं बघत होते. सेक्रेटरींच्या तोंडात अजून ती काडी होती. ती त्यांनी गिळली.

"कोबा कशाला?" पहिल्या मजल्यावरच्या आजी मागून म्हणाल्या. "हिरवं दिसलं पाहिजे, एवढंच ठरलं होतं. ते काय निळं दिसतंय का? तुझी स्कूटर लाव रस्त्यावर."

"ठरलं म्हणजे ठरलंच," सेक्रेटरी घाईघाईनं म्हणाले. "जागा तुमची." आणि पाडव्याच्या दिवशी, इस्त्रीच्या कपड्यांत, जाऊन स्कूटर पुसायला लागले.

बाबा वाकून मेथी उपटायला लागले. प्रत्येक घराला एक जुडी देऊ, म्हणाले. आईनं त्यांचा हात धरला. सगळ्या बिल्डिंगीसमोर तिला त्यांचा हात धरताना मी पहिल्यांदाच बघितलं.

"आधी आपल्या घरात," ती म्हणाली. "उरली तर मग लोकांना."

तिनं स्वतः पहिली जुडी उपटली. मुळांची वाळू धुतली, लसूण आणि हिरव्या मिरचीची फोडणी दिली, मेथी टाकली आणि लगेच उतरवली. भाकरी केली. आम्ही तिघं जेवायला बसलो. बाबांनी पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबले.

"काय झालं?" आईनं विचारलं. "मीठ राहिलं का?"

"कडू नाही ही."

"कोवळी आहे ना. उपटून लगेच केलेली मेथी कुठं कडू असते?"

बाबांनी ताटाकडं बघितलं. सेहेचाळीस वर्षांचा माणूस. "मला वाटायचं, मेथी कडूच असते," म्हणाले.

आईनं त्यांच्या ताटात अजून वाढली. माझ्याच्यानं पुढं जेववलं नाही. सरळ सांगते, भाकरीचा तुकडा हातात धरून मी रडले. बाबांनी मात्र सगळी मेथी संपवली आणि कढई पुसायला भाकरी मागितली.